सोनं, लोखंड आणि फुकटच्या विटा

ड्रॅगनच्या कादंबऱ्यांबद्दल माझी एकच तक्रार होती : त्यांत परीक्षा नसतात. रोझारिया मुंडा यांच्या ‘फायरबॉर्न’नं (2019) ती दूर केली. कॅलिपोलिस राज्यात ड्रॅगनवाले सरदार रयतेला जाळायचे. क्रांती झाली, सरदारांची घराणी कापली गेली. नव्या सरकारनं कुळी बघणं बंद करून परीक्षा सुरू केली. निकालावर माणूस सोनं, चांदी, कांस्य किंवा लोखंड ठरतो. हे ऐकून बायकोचा क्रांतीवर विश्वासच बसला. आम्ही बेसिंगस्टोकची मराठी माणसं. हॅम्पशायरमध्ये परीक्षेवर प्रवेश देणारं सरकारी ग्रामर स्कूल नाही, म्हणून रेडिंगच्या प्रवेशपरीक्षेसाठी दर शनिवारी मुलांना गाडीत कोंबतो. गावातले राउंडअबाउट संपेपर्यंत पोरांचे निम्मे पाढे म्हणून होतात.

कादंबरीतला ली मारल्या गेलेल्या सरदाराचा वाचलेला मुलगा. ॲनीचं घर त्याच्याच बापाच्या ड्रॅगननं जाळलेलं. दोघं एकाच अनाथालयात वाढलेले, जिवाभावाचे, आणि आता एकाच पदासाठी आमनेसामने. मी अर्धं पुस्तक खलनायकाची वाट पाहिली.

“बाबा, तसं नसतं. इट्स कॉम्प्लिकेटेड,” लेक म्हणाली.

आमच्या लहानपणी नव्हतं. अफझलखान आला की कोणाच्या बाजूनं ओरडायचं, हे बालवाडीतल्या पोरालाही कळायचं.

म्हणून तिला शेजारच्या ओल्ड बेसिंगला नेलं. म्हटलं, खरी क्रांती बघ, तिथे बाजू स्पष्ट असतात. तिथल्या बेसिंग हाउसचा मालक मार्क्विस ऑफ विंचेस्टर, राजाचा कट्टर माणूस. घराण्याचं ब्रीदच ‘निष्ठेवर प्रेम करा’. राजाविरुद्ध लढणाऱ्या संसदेच्या फौजांना दोनेक वर्षं दाद दिली नाही. शेवटी संसदेचा सेनानी क्रॉमवेल स्वतः आला आणि 14 ऑक्टोबर 1645 रोजी सकाळच्या सकाळी वाडा घेतला. आत अडकलेला सत्तरी ओलांडलेला थोर वास्तुविशारद इनिगो जोन्स कपडे गमावून बसला. त्याला घोंगडीत गुंडाळून बाहेर आणलं. मग संसदेनं जाहीर केलं, ज्याला हव्यात त्यानं इथल्या विटा फुकट न्याव्यात.

“मग गावकरी कोणाच्या बाजूचे?” लेकीनं विचारलं.

“विटांच्या.”

त्याच साली, परंपरा सांगते, रायरेश्वरावर स्वराज्याची शपथ झाली. तिकडे आपला राजा उभा करायची खटपट, इकडे होता तो पाडायची. बरं, पाडून टिकले का? 1649 मध्ये राजाचं मुंडकं उडवलं आणि 1660 मध्ये त्याच्याच मुलाला वाजतगाजत गादीवर बसवलं. लेकीनं माझ्याकडे जे पाहिलं, त्यात ‘कॉम्प्लिकेटेड’ हा शब्द होता, पण मी तो वाचला नाही.

संध्याकाळी साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल. नातीनं तिला दोन्ही क्रांत्या उत्साहानं सांगितल्या. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“अगं, पण त्या ड्रॅगनांना खायला काय घालतात?”

“मेंढ्या असतील, आजी.”

“आधीच्या सरदारांचे पण मेंढ्याच खायचे?”

“हो.”

“आणि मेंढ्या कुणाच्या गं?”