नकारघंटा आणि वर्गणीपुस्तक

दिवसभर लोकांना पैसे नाकारावयाचे आणि सायंकाळी त्याच लोकांच्या दारी जाऊन पैसे मागावयाचे, हा परस्परविरोधी उद्योग ज्याने उभा जन्म निष्ठेने केला आहे, त्यालाच मनुष्यस्वभावाच्या जमा आणि नावे ह्या दोन्ही बाजू एकत्र पाहावयास मिळतात. लहान गावातील बँकेचा शाखाधिकारी सेवाभावी क्लबाचा सभासद झाला, की हा योग घडून येतो. माझ्या पत्रिकेत तो ठळक अक्षरांत लिहिलेला असावा.

जन्माने मी धारचा. भोजराजाच्या विद्वत्तेचा वारसा सांगणारे लोक धारेत पुष्कळ आहेत. मला मात्र लहानपणापासून आदर वाटत आला तो तेथल्या किल्ल्यात १७७५ साली जन्मलेल्या दुसऱ्या बाजीरावाविषयी. इतिहासकारांनी त्याला काय वाटेल ते म्हणावे. परंतु १८१८ साली राज्यावर पाणी सोडताना सालीना आठ लाखांचे निवृत्तिवेतन पदरात पाडून घेणारा आणि थेट १८५१ पर्यंत बिठूरास बसून ते वसूल करणारा पुरुष नोकरपेशा माणसाला प्रातःस्मरणीय वाटू नये, तरच नवल.

नोकरीचा बहुतेक काळ मात्र देवासला गेला, आणि कोणतीही वस्तू एकच असणे हे देवासच्या प्रकृतीला मानवत नाही. तुकोजी आणि जिवाजी ह्या पवार बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने ह्या एकाच गावात नांदली. हमरस्त्याच्या एका बाजूस एकाचा अंमल, दुसऱ्या बाजूस दुसऱ्याचा, आणि पाणी व दिवाबत्ती ह्यांची तजवीजही निरनिराळी. टेकडीवर देवीसुद्धा दोन, थोरली आणि धाकटी. १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून आलेल्या फॉर्स्टर ह्या इंग्रज कादंबरीकाराने त्या दिवसांवर पुढे १९५३ साली अख्खे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच महाराजांवर मध्यंतरी दौलतीच्या कर्जापायी पाँडिचेरीस जाऊन राहण्याची वेळ आली. तेव्हा थकबाकी हा विषय देवासला किती खानदानी आहे, हे नव्या शाखाधिकाऱ्यास निराळे शिकवावे लागत नाही. बँकांनीही गावाची वहिवाट मोडली नाही. ‘बँक ऑफ देवास’ आणि ‘देवास सीनियर बँक’ अशा दोन पेढ्या होत्या. त्या दोन्ही स्टेट बँक ऑफ इंदूरमध्येच विलीन झाल्या, परंतु एक १९६२ साली आणि दुसरी १९६५ साली. एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर उरकून टाकणे देवासच्या इभ्रतीस शोभले नसते.

आता क्लबाविषयी. शिकागोच्या पॉल हॅरिस नामक वकिलाने १९०५ साली तीन स्नेही जमवून रोटरीचा पाया घातला, तेव्हा प्रत्येक व्यवसायाचा एकेकच प्रतिनिधी घ्यावा, असा दंडक पडला. त्याच धर्तीवरच्या आमच्या क्लबात एक डॉक्टर, एक वकील, एक औषधविक्रेता असे मोजके मोहरे होते आणि बँकवाला मी एकटाच. ज्या सभेत बँकवाला एकच असतो, त्या सभेत खजिनदाराची निवडणूक होत नाही. सगळ्यांच्या माना आपोआप एका दिशेस वळतात आणि ठराव संमत होतो.

त्या नात्याने हिवाळ्यातील नेत्रशिबिरासाठी धान्य बाजारातील एका शेठजींकडे मी वर्गणीपुस्तक घेऊन गेलो. त्यांचा कर्जाचा अर्ज त्याच आठवड्यात मी परत पाठविला होता. त्यांनी मला तक्क्याशी बसविले, चहा मागविला आणि अत्यंत अदबीने विचारले, “साहेब, जामीनदार कोण आणलात?” पुढे मागील तीन वर्षांच्या शिबिरांचा ताळेबंद विचारून झाला, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपासून उत्पन्न किती, ह्याची चौकशी झाली, आणि अखेरीस अडीचशेच्या वरची मंजुरी आपल्या अखत्यारीत नसून प्रकरण मुख्य कचेरीकडे पाठवावे लागेल, असे सांगून ते उठून माजघरात गेले. मुख्य कचेरी म्हणजे त्यांच्या वृद्ध मातोश्री. त्यांनी लेकाची शिफारस झटक्यात फेटाळून पाचशे एक मंजूर केले. अट एवढीच, की अर्धी रक्कम थोरल्या आईच्या नावे आणि अर्धी धाकटीच्या नावे पडावी. पाचशे एकाचे दोन समान भाग करताना माझी जी त्रेधा उडाली, ती पाहून शेठजींनी वरचा एक रुपया आनंदाने स्वतःच्या नावे लिहावयास सांगितला. मी मुकाट्याने तीन पावत्या फाडल्या.

शिबिर शाळेच्या वर्गांत भरत असे. बाके बाहेर काढून सतरंज्यांवर रुग्णांच्या रांगा लावलेल्या, प्रत्येकाच्या डोळ्यावर हिरवी पट्टी, उशाशी घोंगडी आणि सेवेच्या गणवेशात आम्ही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची पट्टी डॉक्टरांनी सोडली, तेव्हा त्याच्या नव्या दृष्टीपुढे प्रथम काय यावे, तर सोयाबीनच्या बियाण्याचे कर्ज थकविल्याबद्दल त्याला दोन नोटिसा धाडणारा मी. “अरे राम, मनीजर सा'ब!” असे उद्गारून त्याने डोळे गच्च मिटले आणि पट्टी आणखी दोन दिवस राहू द्यावी, अशी डॉक्टरांना विनंती केली. मी त्याच्या हातात काळा चष्मा ठेवला, तेव्हा ह्याचे पैसे कोणत्या खात्यात चढणार, हे त्याने पुन्हा पुन्हा विचारून घेतले. फुकट आहे, ह्यावर त्याचा विश्वास बसेना, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. बँकेच्या माणसाने काही फुकट दिल्याचा पूर्वदाखलाच त्या मुलखात नव्हता. आश्चर्य एवढेच, की त्या सुगीनंतर तो आपण होऊन आला आणि थकलेला हप्ता भरून गेला. माझ्या नोटिसांनी जे साधले नाही, ते चष्म्याने साधले, हा अनुभव मी वरिष्ठांस कळविला नाही. कळविला असता, तर त्यांनी दरमहा चष्म्यांचे उद्दिष्ट ठरवून दिले असते.

निवृत्तीनंतर क्लबाचे खाते त्याच शाखेत राहिले आणि मी टेबलाच्या अलीकडच्या बाजूस आलो. गतवर्षी शिबिराच्या तोंडावर तात्पुरत्या उचलीचा अर्ज घेऊन गेलो असता नव्या तरुण शाखाधिकाऱ्याने उठून नमस्कार केला, माझ्या सेवेचा गौरवाने उल्लेख केला, चहा पाजला, नियम दाखविला आणि ओठांवरील हसू यत्किंचितही न ढळू देता अर्ज नामंजूर केला. मला धन्य वाटले. खिशातील सभासदत्वाचा छापील अर्ज मी तत्काळ त्याच्यापुढे सरकविला. इतक्या गोडीने नाही म्हणणाऱ्या मनुष्यास खजिनदारपदापासून फार दिवस वंचित ठेवणे समाजास परवडण्यासारखे नाही.