लायन्स पॉइंटवरून सिंहावलोकन

२०२० या करोनाच्या सालाकडे मागे वळून पाहायचं असेल तर उंचावर जावं, म्हणजे खालचं फारसं दिसत नाही. लोणावळ्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. स्वतःचा बंगला असल्यास उत्तम. नसल्यास लायन्स पॉइंटवर भाजलेलं कणीस घेऊन उभं राहावं. मात्र चिंतन कणीस संपेपर्यंतच करावं, मागे गाड्या हॉर्न वाजवत असतात.

मग लिहायला बसावं. लेखाची सुरुवात जगापासून करावी. वुहान, इटली, न्यूयॉर्क ही नावं घ्यावीत. जवळचं वडगाव, कामशेत टाळावं, लेखनाची उंची कमी होते. २२ मार्चला वाजवलेली थाळी स्टीलची होती की पितळेची, हे अवश्य नोंदवावं. २५ मार्चला गुढीपाडवा आणि टाळेबंदी एकाच दिवशी आली, यावर एक परिच्छेद सहज निघतो. त्याच चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा भरली नाही, कोळी-आगरी मंडळींनी घरूनच हात जोडले. पण ते त्यांचं दुःख झालं. आपल्याला आपलं शोधायचं आहे.

प्रवासबंदीबद्दल लिहिताना तारतम्य बाळगावं. एप्रिलमध्ये उद्योजक वाधवान कुटुंब आणि सोबतची मंडळी, एकूण २३ जण, पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचली. जवळ गृह विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं पत्र होतं. त्याच सुमारास बोचकी डोक्यावर घेतलेली माणसं रस्त्याने गावाकडे चालत निघाली होती, त्यांच्याजवळ पत्र नव्हतं. या दोन गोष्टी एकाच परिच्छेदात घेऊ नयेत.

आता स्वतःतला बदल. भांडी घासल्याचा उल्लेख किमान तीनदा यावा. एरवी ती घासणाऱ्या मावशींचं त्या महिन्यांत कसं भागलं, हे विषयांतर समजावं.

गुलाबाची उपमा देण्याचा मोह होईल, पण लोणावळ्याभोवतीच्या मावळात ती जपून वापरावी. इथल्या पॉलीहाऊसमधले गुलाब फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जातात. मार्चअखेर लग्नं थांबली, देवळं बंद, विमानं बंद, बाजार बंद; झाडाला मात्र कुणी कळवलं नव्हतं. गिऱ्हाईक नसलं तरी फूल तोडावंच लागतं, नाहीतर झाड बिघडतं. म्हणून मजुरी देऊन फुलं तोडायची आणि उकिरड्यावर टाकायची, असा उद्योग चालला. कर्जाचा हप्ता वेगळाच. मग ३ जूनला चक्रीवादळ अलिबागच्या बाजूने किनाऱ्याला लागलं आणि घाट चढून आलं. पवन मावळात पॉलीहाऊसचा कागद फाटला, पत्रे उडाले, खांब पडून वीज गेली. वादळाचं नाव ‘निसर्ग’, ते बांगलादेशाने सुचवलेलं. ‘निसर्गाच्या सान्निध्यात मला मी सापडलो’ हे वाक्य लिहून ठेवलं असल्यास कृपया खोडावं.

त्या पावसाळ्यात लोणावळ्याचं भुशी धरण पर्यटकांना बंद होतं. पायऱ्यांवर पाणी आणि शांतता, एवढंच लिहावं. भजीवाल्यांचा वर्षाचा गल्ला याच पायऱ्यांवर जमतो, हा हिशेब चिंतनात बसत नाही. पुणे-लोणावळा लोकल ऑक्टोबरात सुरू झाली, तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. आपण अत्यावश्यक नाही, हे त्या वर्षी पुष्कळांना तिकीट खिडकीवर समजलं. आत्मशोधाचा हा सर्वांत स्वस्त मार्ग.

एवढं झालं की लिखाण पूर्ण होतं. मात्र कागद-पेन काढण्याआधी एक करा. बंगल्याच्या रखवालदाराचा एप्रिल, मे आणि जूनचा पगार राहिला असेल, तर तो आधी देऊन टाका. मागे वळून नंतरही पाहता येईल.