मत, चवीपुरतं

मराठी वाचकाला कोणत्याही पुस्तकाबद्दल विचारा, त्याच्याकडे मत तयार असतं. पुस्तक वाचलेलंच असायला हवं अशी काही अट नसते. वाचलेलं असेल तर उलट तो जरा चाचरतो, कारण मग मधली दोनशे पानंही आठवायला लागतात. न वाचलेल्याचं मत कसं स्वच्छ असतं! मराठी विश्वकोशाचंच घ्या. पहिला खंड १९७६ साली आला, पुढे वीस खंड झाले, आणि सुशिक्षित घरांत त्याविषयी संपूर्ण एकमत आहे: ग्रंथ फार मोलाचा, घरात असायला हवा. कोणत्या घरात, ते कुणी सांगत नाही. शब्दकोशाची तऱ्हा थोडी वेगळी. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची, त्यात सुमारे ६० हजार शब्द. वाचक त्यात एकच शब्द शोधतो, आजीच्या तोंडी असलेला. सापडला नाही तर कोश अपुरा. सापडला तर 'बघा, आमची आजी काय मराठी बोलायची!' म्हणजे कोश चांगला निघाला तरी श्रेय आजीकडेच जातं आणि मोल्सवर्थसाहेब दोन्हीकडून कोरडे राहतात.

इतक्या मतांतून विश्वास कोणत्या मतावर ठेवायचा? माझं म्हणणं असं, की मत चुकलं तर भुर्दंड कुणाला पडतो हे आधी पाहावं. कादंबरीबद्दलचं मत चुकलं तर फार तर हातातला चहा निवतो. पाककृतीच्या पुस्तकाबद्दलचं मत चुकलं तर चार पाहुणे पानावर बसलेले असतात. म्हणून मराठीतला सर्वांत भरवशाचा समीक्षक म्हणजे पाककृतींच्या पुस्तकाचा वाचक, जरी त्याला परिसंवादाला सहसा कुणी बोलावत नसलं तरी. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. त्याआधीही अशी पुस्तकं होतीच. लक्ष्मीबाई धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' सिद्ध केलं होतं. (एक हजार! चाळीस कविता लिहून प्रस्तावनेत दमलेल्या कवींनी हा आकडा एकदा मोठ्यानं म्हणून पाहावा.) ओगल्यांनी वाटी आणि चमचा ही मापं धरली आणि तिथेच स्वतःला वाचकाच्या हाती देऊन टाकलं. 'बेतानं', 'अंदाजानं', 'हाताला येईल तसं' असं लिहिलं असतं, तर पदार्थ बिघडल्यावर दोष वाचकाच्या हातावर ढकलता आला असता. वाटीचं माप एकदा छापलं की पळवाट उरत नाही. आपले कादंबरीकार मनोगतात 'वाचकानं आपापल्या परीनं अर्थ लावावा' असं लिहितात, तेव्हा ते मीठ अंदाजानं घाला असंच सांगत असतात.

आणि या वाचकाचे अभिप्राय पाहा. ते पानाच्या कडेला शिसपेन्सिलीनं असतात: 'साखर पाऊण वाटी पुरे.' 'पाणी जास्त होतं.' 'अनारसे हसले.' तुपात अनारसा हसला की घरात कुणी हसत नाही, त्यामुळे या दोन शब्दांत पुस्तकाचं परीक्षण, दिवाळीची हकिगत आणि सासूबाईंचा चेहरा असं सगळं येतं. त्यात 'आशयाच्या पातळीवर' नाही, 'काहीशी निराशा' नाही, लेखिकेच्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छाही नाहीत. अशा पुस्तकाला तेलाचे डाग पडलेले असतात, आणि ते हातात घेतलं तर चकलीच्या पानावर आपोआप उघडतं. आता वाचनालयातली एखादी गाजलेली कादंबरी मागवा. पहिली चाळीस पानं मळलेली आणि पुढची करकरीत कोरी असतात. शेवटचं पान मात्र पुन्हा मळलेलं. पण अभिप्राय द्यायची वेळ आली की चाळिसाव्या पानावर उतरलेला वाचक शेवटच्या पानावर पोचलेल्यापेक्षा दुप्पट बोलतो.

कादंबरीचा वाचक मत देतो ते पुस्तकावर क्वचित असतं, हे जरा तपशिलानं सांगायला हवं. 'मृत्युंजय' १९६७ साली आली. ती वाचून उठलेला माणूस 'कर्णावर फार अन्याय झाला' असं म्हणतो. अन्याय शिवाजी सावंतांनी केलेला नाही. तक्रार व्यासांकडे जायला हवी. 'पानिपत' १९८८ सालची. तिचे वाचक विश्वास पाटलांच्या भाषेबद्दल चकार शब्द न काढता १७६१ ची लढाई पुन्हा लढतात, या खेपेला बाजारबुणगे आणि यात्रेकरू बरोबर न नेता, आणि बहुतेक वेळा जिंकतातही. 'कोसला'चे वाचक १९६३ पासून दोन तटांत उभे आहेत. एक म्हणतो, पांडुरंग सांगवीकर म्हणजे मीच. दुसरा म्हणतो, यात काही घडतच नाही. ही दोन्ही मतं एकाच माणसाची असतील तर त्यात विसंगती आहे असं मला तरी वाटत नाही. 'श्यामची आई'चं परीक्षण तर डोळ्यांनी होतं. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, आणि तेव्हापासून मराठी वाचक तिच्यावर रडून शिक्कामोर्तब करत आला आहे. इथे मत चुकलं तर भुर्दंड पडतो खरा, पण भलत्याच ठिकाणी: 'मला काही रडू आलं नाही' असं म्हणणाऱ्याकडे लोक असं पाहतात, की जणू त्यानं स्वतःच्या आईबद्दल काही वावगं काढलं. मग रडू न आलेलेही 'गहिवरून आलं' म्हणतात. प्रवासवर्णनाला दोन प्रकारचे वाचक मिळतात, एक तिथे न गेलेला आणि दुसरा तिथेच राहणारा. 'अपूर्वाई' वाचून पहिल्याला लंडन पाहिल्यासारखं वाटतं. दुसरा, तिकडे स्थायिक झालेला, आता तिथे तसं काही राहिलेलं नाही म्हणून हळहळतो. १९६० सालच्या पुस्तकाकडून तो बहुधा बसचं चालू वेळापत्रक मागत असावा. कवितेचं बोलायलाच नको. तिथे 'वा' हा अभिप्राय ओळ पूर्ण होण्याआधीच येतो.

माझ्या म्हणण्याला आधार मिळतो तो अनपेक्षित ठिकाणी, पोथीच्या वाचकाकडून. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या. ज्यानं तिची पारायणं केली आहेत त्याला मत विचारलं तर तो हात जोडतो आणि गप्प बसतो. ज्यानं शाळेतल्या पुस्तकात पसायदान तेवढं पाहिलं आहे, तो पाऊण तास बोलतो. गुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्यानं तर सात दिवस जेवणखाण आणि झोप यांचे नियम पाळलेले असतात. इतकं करून तो सांगतो ते एवढंच, की प्रचिती आली, किंवा अजून यायची आहे. म्हणजे पाककृतीवाल्यासारखंच, करून पाहिलेल्याचं मत. पोथी आणि 'रुचिरा' यांचे वाचक एकाच जातीचे निघावेत याचं नवल वाटायला नको; पुष्कळ घरांत ती एकच व्यक्ती असते.

यावर पहिला आक्षेप स्वयंपाकघरातूनच येईल. लोक पाककृती पाळतात कुठे? तूप निम्मं घेतात, गुळाऐवजी साखर, खव्याऐवजी दुधाची पावडर, मोहन तर घालायलाच विसरतात, आणि वर म्हणतात, 'पुस्तकात दिलंय तसं काही होत नाही.' खरं आहे. पण हा खोटेपणा पकडता येतो. शेजारीण एकच प्रश्न विचारते, 'मोहन घातलं होतंस का गं?' आणि समीक्षा जागच्या जागी मागे घेतली जाते. कादंबरी नाकारणाऱ्याला 'तिसरं प्रकरण वाचलं होतं का?' असं विचारायची सोय नाही. विचारलंच तर तो मैत्री संपवतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. साहित्य काही करून पाहायची गोष्ट नव्हे, आणि 'कोसला' कुकरमध्ये लावता येत नाही. रसिकतेला वाटी-चमच्यानं मोजणं हा अरसिकपणा झाला. शिवाय मी म्हणतो तो नियम लावला तर वैद्यकावरच्या पुस्तकाबद्दल फक्त डॉक्टरांनी, खगोलशास्त्रावरच्या पुस्तकाबद्दल फक्त नारळीकरांसारख्यांनी बोलायचं आणि बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं? तसं मी म्हणत नाही. स्वयंपाकघरातही मत द्यायला आचारी असावं लागत नाही. जेवणारा देतोच, पण निदान जेवलेला असतो. कादंबरीच्या बाबतीत करून पाहणं म्हणजे शेवटपर्यंत वाचणं, आणि ही माझी मागणी फार जाचक आहे असं वाटत नाही. 'आवडलं' किंवा 'नाही आवडलं' हा तर पुरा अभिप्राय आहे, त्याला पुरावा लागत नाही. भानगड त्यापुढच्या 'पण'पासून सुरू होते. 'आवडलं, पण लेखकानं शेवट वेगळा करायला हवा होता.' इथे वाचक जेवणाऱ्याच्या पाटावरून उठून चुलीपुढे बसलेला असतो. मग 'आधी स्वतः लिहून दाखवा' हे लेखकांचं जुनं उत्तर येतं. ते फार उद्धट मानलं जातं, पण पाककृतीच्या लेखिकेला ते कधी द्यावं लागलं नाही, कारण तिच्या वाचकानं तक्रार करण्यापूर्वी करून दाखवलेलंच असतं.

वाचकांच्या मताला आपल्याकडे मान नाही असं मात्र कुणी म्हणू नये. 'ललित' मासिक १९६४ पासून निघतं. त्यात जयवंत दळवींनी ठणठणपाळ होऊन साहित्यिकांच्या पाठीत हातोडा घातला, आणि त्याच मासिकानं 'चोखंदळ वाचकांची निवड'ही छापली. या नावातली युक्ती मला फार आवडते. ज्याचं मत घ्यायचं त्याला आधीच चोखंदळ म्हणून टाकलं, की मग त्याची निवड चुकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या मांडणीला खरोखर खिंडार पाडणारा आहे: करून पाहिल्यानं वाद मिटतात कुठे? पंचांगाकडे पाहा. ते तर रोज तपासता येणारं पुस्तक, सूर्य उगवला की त्याचं एक पान खरं किंवा खोटं ठरतं. तरी महाराष्ट्रात सोलापूरच्या दाते पंचांगावर चालणारी घरं आहेत आणि कोकणात, विशेषतः रत्नागिरीकडे, टिळक पंचांग मानणारीही आहेत. दोन्हींचं गणित वेगळं. एखाद्या वर्षी अधिक महिना दोघांत वेगवेगळा पडला, की काही घरांत गणपती महिनाभर आधी येतो. कोणाचं बरोबर हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं नाही. पण मला त्यात माझा पराभव दिसत नाही, कारण दोन्हीकडचे वाचक आपापल्या मतासाठी उकडीचे मोदक वळतात. इतकी मेहनत घेऊन चुकणाऱ्याला चुकायचा हक्क आहे. शिवाय शहाणे लोक महिन्याच्या अंतरानं दोन्ही घरी जाऊन येतात.

खरी अडचण होते ती यशस्वी कसं व्हावं, श्रीमंत कसं व्हावं, शेअर बाजारात पैसा कसा वाढवावा या पुस्तकांपाशी. इथे करून पाहिलं जातं, भुर्दंडही पडतो, चांगला जबर पडतो, आणि तरी अभिप्राय मिळत नाही. ज्याचं बुडालं तो घरीही सांगत नाही, मग समासात कुठून लिहिणार? ज्याला लाभ झाला त्याला ती स्वतःच्याच डोक्याची करामत वाटते. मधला जो वर्ग आहे, ज्यानं पुस्तक घेतलं आणि काहीच केलं नाही, तो 'फार प्रेरणादायी आहे' असं सांगून ते दुसऱ्याला वाचायला देतो. लेखकानं शेवटच्या प्रकरणात 'धीर धरा' असं लिहून ठेवलेलं असल्यामुळे तपासणीची तारीखच येत नाही. इथे माझा नियम लंगडा पडतो हे मान्य, आणि त्यावर उपाय सुचत नाही. 'अनारसे हसले' इतक्या सरळपणे 'पैसे बुडाले' असं पानाच्या कडेला लिहिणारा वाचक निर्माण व्हायला वेळ लागेल.

मत चुकल्याची किंमत स्वतः मोजणारा परीक्षक साहित्यातही होऊन गेला आहे, फक्त त्यासाठी साडेतीनशे-पावणेचारशे वर्षं मागे जावं लागतं. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी तुकारामांच्या अभंगांवर दिलेला अभिप्राय आजवरचा सर्वांत कडक म्हणावा लागेल: वह्या इंद्रायणीत बुडवाव्यात. पुस्तक न आवडणारे पुष्कळ असतात, पण इतका स्पष्ट निकाल हल्लीच्या रविवार पुरवण्यांत मिळत नाही. परंपरा सांगते की वह्या नदीतून कोरड्या वर आल्या आणि भट्टांच्या अंगाचा दाह होऊ लागला. तो कशानंही शमेना; शेवटी तुकारामांच्या अभंगानंच शमला. आज एखादं परीक्षण चुकलं म्हणून परीक्षकाच्या अंगाची आग झाल्याचं ऐकिवात नाही. आग होते ती लेखकाच्या अंगाची. भट्टांनी मग मत बदललं. 'पुनर्मूल्यांकन' वगैरे काही न म्हणता ते सरळ तुकारामांचे शिष्य झाले, आणि तुकारामांची आरती त्यांच्याच नावावर आहे. वारकरी ती टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणतात. शेवटी परीक्षकाचं नावही येतं, आणि त्यानं आधी काय मत दिलं होतं याची चौकशी म्हणणाऱ्यांपैकी फारसं कुणी करत नाही.