ताक्याचा भाव, डोसाचा भाव

भिवंडीत यंत्रमाग चालवणाऱ्याला मजुरी मीटरवर मिळते. धागा तुटला, वीज गेली, माग थांबला, की पैसेही थांबले. महिन्याला 20,000 धरा, त्यातून चहा-बिडीही वजा करू नका. झोलजेन्स्मा या औषधाच्या एका डोसाचे 16 कोटी जमवायला त्याला 666 वर्षं लागतील. बहामनी सुलतानांच्या राज्यात कामाला लागला असता, तर आत्ता कुठे बाळाला डोस मिळाला असता. अमेरिकेतल्या मान्यतेची अट अशी, की बाळ तोवर दोन वर्षांच्या आतलं हवं.

आजार स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी. एक जनुक बिघडतं आणि बाळाचे स्नायू दुबळे होत जातात. त्या जनुकाची चांगली प्रत निरुपद्रवी विषाणूवर लादून तासाभरात शिरेतून सोडायची, एकदाच. विज्ञानाला सलाम.

आता भाव. 2019 मध्ये नोव्हार्टिस कंपनीनं 21 लाख 25 हजार डॉलर लावले आणि वर समजावलं, की दुसरं औषध दहा वर्षं घ्याल तर याच्या दुप्पट जातील, म्हणजे हे स्वस्तच! हे भिवंडीच्या शेठला अजून कळलेलं नाही. तो बिचारा सूत, वीज, मजुरी यांची बेरीज करून ताक्याचा भाव काढतो. 'कापड नसतं तर उघडे फिरला असता, त्या लाजेची किंमत दहा लाख, तुम्हाला पाचात देतो', असं म्हणायचं त्याला सुचत नाही.

सरकार मदत करतं. दुर्मिळ आजारांच्या धोरणात 2022 पासून 50 लाखांपर्यंत मिळतात, तेही केईएमसारख्या ठरलेल्या केंद्रांतून. राहिले फक्त साडेपंधरा कोटी. 2021 मध्ये मुंबईच्या एका बाळासाठी लोकांनी वर्गणी काढली, फडणवीसांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, तेव्हा सुमारे सहा कोटींचा कर माफ झाला. त्याच वर्षी नाशिकच्या एका बाळाला कंपनीच्या सोडतीत डोस फुकट लागला. म्हाडाच्या घराला निदान अर्ज तरी स्वतः भरता येतो.

याच आजारावरचं रिस्डिप्लाम हे रोज तोंडानं घ्यायचं औषध. जनुकीय उपचार नव्हे, पण भावाचं गणित त्याच शाळेतलं. रोश कंपनीची बाटली 6 लाख 20 हजारांच्या घरात. हैदराबादच्या नॅटकोनं तेच करायला घेतलं, तर पेटंटसाठी कोर्टबाजी. ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं रोशला अडवणुकीची मुभा नाकारली आणि नॅटकोची बाटली आली 15,900 ला. तीही नफा धरूनच असणार, धर्मादाय नव्हे.

मग वरचे सहा लाख चार हजार कशाचे होते? हमालीचे?