डबी बसली, गाडी रुसली

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात बंपरमध्ये बघून भांग पाडता येईल इतकी चकाकी असते. रंग मूळ छटेचा, सीटचं कापड मूळ, हॉर्नसुद्धा मूळ. मालक अभिमानाने बॉनेट उघडतो. डिस्ट्रिब्युटरला चिकटलेल्या पत्र्याच्या डबीकडे बोट दाखवून विचारा, "हिचा आकडा काय?" मालक ड्रायव्हरकडे बघतो, ड्रायव्हर मेकॅनिककडे आणि मेकॅनिक आभाळाकडे.

ही डबी म्हणजे व्हॅक्यूम ॲडव्हान्स. इंजिनच्या वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ पुढे-मागे करण्याचं काम डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंगा करतात. डबीकडे असतो भाराचा हिशेब. ॲक्सिलरेटरवर पाय हलका असला की सिलिंडरमध्ये विरळ मिश्रण जातं. ते सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. नेमकी त्याच वेळी मॅनिफोल्डमधली ओढ, म्हणजेच व्हॅक्यूम, जबर असते. ती डबीतला पडदा खेचते, पडदा पॉइंटची प्लेट फिरवतो आणि काम होतं. घाटात पेडल तळाला गेलं की ओढ संपते, स्प्रिंग पडद्याला मागे सारते आणि इंजिन नॉकिंगपासून वाचतं. ऐन जोरात असताना दोन पावलं मागे येणं आपल्या पुढाऱ्यांना जमत नाही, ते या डबीला जमतं.

आता निवडीचं. लुकास कंपनीच्या अनेक डब्यांवर तीन आकडे कोरलेले असतात. समजा 5-17-10 लिहिलंय. म्हणजे पाऱ्याच्या 5 इंच ओढीला डबी जागी होते, 17 इंचांना तिचा जोर संपतो आणि तोवर तिने डिस्ट्रिब्युटर 10 अंशांनी पुढे नेलेला असतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, तेव्हा क्रँकवर ते 20 अंश होतात. लग्नाला छत्तीस गुण जुळवणारा आपला समाज इथे तीन आकडे बघायलाही तयार नाही. स्क्रू बसला की सोयरीक पक्की!

वर घराण्याचा दाखला असतोच. अँबेसेडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) 'बी-सिरीज' कुळातलं. एमजीची पहिली 'एमजीए' स्पोर्ट्स गाडी त्याच कुळातली, तिचंही इंजिन 1489 सीसीचंच. मग लंडनहून येणाऱ्या मेव्हण्याला एमजीची डबी आणायला सांगायची आणि अँबेसेडरला ठोकायची. कूळ एक म्हणून स्वभाव एक होत नाही, हे भावकीत राहूनही आपल्याला कळलेलं नाही. एमजीएला दोन कार्बोरेटर, तिचं कॉम्प्रेशन वेगळं आणि तिने धावायचं ते हौसेसाठी. अँबेसेडरने आयुष्यभर सहा माणसं आणि वळकट्या वाहिल्या.

दुसरी जात शौकिनांची. हे आधी तिखट कॅमशाफ्ट घालतात, मग गाडी आयडलिंगला थरथरते म्हणून कार्बोरेटरला शिव्या घालतात. धडधाकट मूळ इंजिन आयडलिंगला 18 ते 20 इंच ओढ देतं. तिखट कॅम ती 10-12 वर आणू शकतो. त्या इंजिनला 17 इंचांची डबी लावलीत आणि नळी थेट मॅनिफोल्डला जोडलीत, तर डबी कायम अर्धवट खेचलेली राहणार आणि टायमिंग डुलत राहणार. अशा जोडणीत आयडलिंगच्या ओढीपेक्षा दोनेक इंच आधीच पूर्ण खेचली जाणारी डबी घ्यावी. नळी कार्बोरेटरच्या थ्रॉटलवरच्या भोकाला जोडलेली असेल, तर आयडलिंगला डबी झोपलेलीच असते आणि हिशेब बदलतो. म्हणून आधी नळी कुठून निघते ते पाहा. आणि हो, महाबळेश्वरला मुक्काम ठोकून ट्यूनिंग करू नका. हजार फुटांमागे साधारण इंचभर ओढ कमी होते आणि तिथे तुम्ही साडेचार हजार फुटांवर असता.

तिसरा उपाय नाक्यावरच्या उस्तादाचा. नळी काढायची, भोकात स्क्रू ठोकायचा. "साहेब, आता बघा कशी पळते!" पळते खरी, पेडल तळाला असताना डबी तशीही सुट्टीवरच असते. पण साठच्या सरळ चालीत ठिणगी उशिरा पडते, इंजिन तापतं आणि मुंबईत शंभरी ओलांडलेलं पेट्रोल धूर होऊन जातं. मग मालक म्हणतो, जुन्या गाड्यांना एव्हरेज नसतंच हो.

डबी फाटली की शाबूत, हे कळायला दमडी लागत नाही. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, नळीचं टोक तोंडाने ओढा आणि त्यावर जीभ टेकवा. प्लेट सरकली आणि जीभ चिकटून राहिली, तर पडदा ठणठणीत. जीभ लगेच सुटली, तर पडद्याला भोक आहे. आकडे ताडून बघायचे तर गेज असलेला हातपंप हवा. हल्ली नव्याने बनवलेल्या काही डब्यांवर आकडाच नसतो, त्यांना पंप लावल्याशिवाय घरात घेऊ नये.

एवढं करून दुकानात जा. "कुठली गाडी, कुठलं साल?" असं दुकानदार विचारेल. तुम्ही साल सांगितलंत, तर तो मागच्या फळीवरची पहिली डबी देईल आणि दोघंही खूश. तुम्ही तीन आकडे सांगितलेत, तर तो चिडेल. चिडू द्या. विकणारा आणि घेणारा यांपैकी निदान एकाला तरी माल काय आहे ते ठाऊक असलेलं बरं.