आगंतुकांचा शिधा

अ‍ॅक्वेरियममध्ये गोगलगायी कोणी मुद्दाम आणत नाही. दुकानातून हायड्रिलाची जुडी येते, तिच्या एखाद्या पानाच्या पाठीला चिकट, पारदर्शक ठिपका असतो. उजेडात धरला तर आत खसखशीसारखी अंडी दिसतात. पण धरतो कोण? बहुतेकदा ही फायसा नावाची गोगलगाय. एकाच देहात नर आणि मादी दोन्ही, त्यामुळे स्थळ बघणं नाही, पत्रिका नाही. एकटी आली तरी वंश चालतो. मलेशियन ट्रम्पेट त्याहून पोहोचलेली. दिवसभर वाळूत दडून बसते आणि नराशिवाय थेट पिल्लंच देते. रात्री अचानक दिवा लावा, सगळं गोत काचेवर!

उपाय पुष्कळ आहेत. रात्री काकडीची चकती सोडावी, सकाळी तिला लगडलेल्या मंडळींसकट उचलावी. हा मला सगळ्यांत सभ्य वाटतो. उचललेल्या मात्र तळ्यात नेऊन सोडू नयेत. मूळची उत्तर अमेरिकेची फायसा आधीच जगभर पसरली आहे, आपण हातभार लावायला नको. तांब्याचं औषध घातलं तर गोगलगायी मरतात, पण कोळंबीही जाते आणि मेलेल्या कुजून पाणी नासतं. बोटिया मासे गोगलगायी आवडीने खातात. त्यातला पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा लोच तर आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातलाच. पण नदीत तोच धोक्यात आहे, आणि त्याला ठेवायचं तर टोळीने ठेवावं लागतं. म्हणजे पाहुणे घालवायला नवे पाहुणे.

खरी मेख खाण्याच्या डब्यात आहे. जितकं उरतं, तितक्या गोगलगायी वाढतात. आमच्याकडे सासूबाई पूजा आटोपून चिमूटभर टाकतात, मुलगा शाळेतून आल्यावर टाकतो आणि हे बातम्या बघताबघता. मासा श्वासासाठी तोंड उघडमिट करतो. घरात मात्र त्याचा अर्थ एकच, बिचारा उपाशी आहे. उपाशी कोणी दिसलं की आमच्या घराचा हात आखडत नाही, आणि त्या उदारपणाची मोजदाद तळाशी चालू असते.

शेवटी मी डबा वरच्या फळीवर ठेवला. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. गोगलगायी हळूहळू कमी होताहेत. सासूबाई रोज काचेपाशी उभ्या राहून, मला स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेताने माशांना सांगतात, “काय करणार बाबांनो, आता मोजून मिळतं.”