३०१ वं युनिट

खाडीपलीकडचे नातेवाईक नवी मुंबईत आले की आधी रस्त्यांचं कौतुक करतात, मग झाडांचं, मग पामबीचचं. जेवणं उरकली की मात्र गोरेगावचा मावसभाऊ पोटावरून हात फिरवत विचारतो, "तुमच्याकडे लाइट कोणाची रे?" उत्तर त्याला पाठ असतं. मी निमूटपणे "महावितरण" म्हणतो. "हां. म्हणजे तुम्हाला चॉइस नाही," असं म्हणून तो बडीशेप तोंडात टाकतो.

त्याला चॉइस आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला मुंबईत घरगुती ग्राहकांनाही वीज विकायची वाट मोकळी करून दिली. २००९ मध्ये वीज नियामक आयोगाने उपनगरातल्या लोकांना रिलायन्सच्याच तारांमधून टाटाची वीज घ्यायची मुभा दिली. २०१८ मध्ये रिलायन्सच्या जागी अदानी आले. खांब तेच, तारा त्याच, बिलावरचं नाव तेवढं वेगळं. मावसभावाने कंपनी बदलली त्या संध्याकाळी मावशी म्हणाली होती, "आता ट्यूब जरा जास्त पांढरी वाटते." एक गोष्ट मात्र तो बडीशेप खाताना सांगत नाही. कंपनी सोडली तरी तिची मागल्या वर्षांतली राहिलेली वसुली नव्या बिलात लोकांचा माग काढत आली. लग्न मोडलं तरी सासूचं औषधपाणी सुनेकडेच, असा तो प्रकार.

इंग्लंडात रेडिंगला असलेली माझी भाची याच्याही पुढे गेलेली. वर्षाचा करार संपत आला की ती इंटरनेटवर आपला पिनकोड आणि वापर टाकते, समोर गॅस-विजेच्या कंपन्यांची स्वस्त ते महाग अशी यादी येते, आणि चहा निवायच्या आत हिची कंपनी बदललेली असते. मला फार हेवा वाटायचा. मग २०२१ मध्ये युरोपात गॅसचे घाऊक दर भडकले आणि तिकडच्या दोन डझनांहून जास्त कंपन्यांनी काही महिन्यांत गाशा गुंडाळला. त्यात हिचीही गेली. दिवा एक क्षणही गेला नाही, कारण तिथला नियामक अशा ग्राहकांना परस्पर दुसऱ्या कंपनीच्या पदरात घालतो. "मामा, यादीत सगळ्यात वर होती तीच बुडाली," ती म्हणाली. हे मी मावसभावाला आवर्जून कळवलं.

आमच्याकडेही चॉइस अगदीच नाही असं नाही. सिलिंडर आहे ना! सरकारी कंपन्या तीन: इंडेन, भारत आणि एचपी. २०१४ पासून देशातल्या शेकडो जिल्ह्यांत मोबाइल नंबरसारखी पोर्टेबिलिटीसुद्धा मिळाली. एजन्सी आवडली नाही तर कंपनी बदला. मी उत्साहाने कागद-पेन घेऊन बसलो. तिघींचा १४.२ किलोचा दर आमच्या गावात पैशापैशाने सारखा निघाला. तुलना करायला उरला तो फक्त सिलिंडरचा रंग, आणि तोही तिन्हींचा लाल.

मग सोसायटीत महानगर गॅसची पाइपलाइन आली. भिंतीला भोक पडलं, टाइल गेली, ओट्याखाली मीटर बसलं. शेगडीचे जेटही बदलावे लागले, कारण पाइपातला गॅस कमी दाबाने येतो आणि त्याला मोठं भोक लागतं. इथे तरी तुलना करावी म्हणून मी हिशेब मांडला. उष्णता मोजली तर एक सिलिंडर म्हणजे पाइपातला साधारण १८ घनमीटर गॅस. सौ.ने तो कागद वाचला, मला परत दिला आणि म्हणाली, "अहो, मध्यरात्री पाहुणे आले तर सिलिंडर संपत होता. हा संपत नाही. झाला हिशेब."

तर आमची स्थिती अशी. सिलिंडरात तीन कंपन्या, एक दर. पाइपात एक कंपनी, एक दर. आणि विजेत एक कंपनी, चार दर.

या चार दरांवर आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका जगतात. निवृत्त गृहस्थ, नेरुळमध्ये सिडकोच्या काळापासून. महिन्याची वीस तारीख उलटली की ते टॉर्च घेऊन मीटर रूममध्ये उतरतात, चष्मा कपाळावर चढवतात, लाल दिवा लुकलुकणाऱ्या मीटरसमोर आकडा येईपर्यंत थांबतात आणि तो तळहातावर बॉलपेनने लिहितात. जिना चढताना जो भेटेल त्याला हात दाखवतात. "दोनशे चौऱ्याऐंशी. आज एसी नाही."

काकांची, आणि खरं तर अर्ध्या नवी मुंबईची, समजूत अशी की ३०१ वं युनिट पडलं की आधीची तीनशेही महाग होतात. त्यामुळे महिनाअखेरीस त्यांच्या घरी काकू कोशिंबिरीवर स्वयंपाक भागवतात, कारण मिक्सर बंद. नातू मोबाइल चार्ज करायला आमच्याकडे येतो.

मी त्यांना दरपत्रकच दाखवलं. एप्रिल २०२४ चे दर: पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे, त्यापुढे १६ रुपये ६४ पैसे. वहन आकार वेगळा, पण सगळ्या टप्प्यांना सारखा. (पुढे दर बदलले, टप्पे तेच राहिले.) म्हणजे जास्तीचा दर फक्त टप्प्यापुढच्या युनिटांना. तीनशेव्या आणि तीनशे एकाव्या युनिटातला फरक ४ रुपये २६ पैसे. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरा. "काका, फार तर पाच रुपये! पाच रुपयांसाठी काकूंना उकाड्यात बसवता?"

काकांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "पाच तर पाच. पण द्यायचे कशाला?"

यावर नियामक आयोगाकडेही उत्तर नसावं.

२०२२ च्या अखेरीस अदानींनी भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यात समांतर वीजवितरणाचा परवाना मागितला, तेव्हा काकांचा चेहरा उजळला. "आता बघ. आता तेही येतील आणि हेही दर पाडतील." त्यांनी नवी वही आणली, दोन रकाने आखले. ४ जानेवारी २०२३ ला महावितरण, महापारेषण आणि महानिर्मितीचे कर्मचारी खासगीकरणाच्या विरोधात संपावर गेले. त्याच दिवशी सरकारशी बोलणी होऊन संप मिटला. कर्मचाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: खासगी कंपनी शहरातले पैसेवाले ग्राहक उचलणार आणि शेतकऱ्यांचे पंप महावितरणच्या गळ्यात राहणार. शेतीची वीज स्वस्त ठेवायला जो पैसा लागतो, त्यातला बराचसा कारखान्यांच्या आणि दुकानांच्या चढ्या बिलांतून निघतो, हे राज्यात कोणापासून लपलेलं नाही.

हे ऐकून काकांचा रकाना आखणारा हात थबकला. त्यांची संगमनेरकडे चार एकर बागायत आहे. विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप. २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं, त्यात तोही आला. म्हणजे नेरुळमध्ये काकांना स्पर्धा हवी आणि संगमनेरात महावितरण धडधाकट हवं. दोन्ही मतं ते एकाच खुर्चीत बसून मांडतात. फक्त पेपर कुठल्या पानावर उघडलाय यावर मत बदलतं.

वहीचा दुसरा रकाना अजून कोराच आहे. पण अलीकडे काकांना नवा उद्योग मिळालाय. जुलै २०२५ पासून टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारं, मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांपासून सूट मिळू लागली. सकाळी नऊला नवी मुंबईकर हार्बर लोकलमध्ये एका पायावर उभा असतो, आणि संध्याकाळी पाचला तो ऑफिसात "निघतोच" म्हणत असतो. ही सूट मिळवायला घरात निवृत्त माणूसच हवा. काकांच्या घरी आता नऊच्या ठोक्याला वॉशिंग मशीन सुरू होतं, इस्त्री दुपारी दोनला, आणि गिझर संध्याकाळी पाचला पाच मिनिटं असताना बंद.

तुमच्याकडे तसं मीटर असेल आणि दुपारी घरी कोणी नसेल, तर धुणं आमच्या तिसऱ्या मजल्यावर आणून द्या. काका नाही म्हणणार नाहीत. मात्र मीटरचा आकडा आधी आणि नंतर असा दोन्ही वेळा लिहून घेतील, आणि पाच रुपये झाले तर पाच मागतील.